आरसा आणि गोदरेजचं कपाट

परवा ऑफिसात नवीन सर्व्हरच्या खर्चाची मीटिंग होती. एक्सेल शीटमध्ये 'बॅकअप' नावाची एक ओळ होती आणि तिच्यासमोरचा आकडा काही लहान नव्हता. टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा (हुशार आहे, कामसू आहे, उगाच बोलणारा नाही) म्हणाला, "ही ओळ काढून टाकूया ना. डिस्क मिरर केलेल्याच आहेत, मग बॅकअप कशाला?" आणि टेबलाभोवतीच्या चार-पाच माना डोलल्या. खर्च वाचत असेल तर माना पटकन डोलतात, हा आपला सगळ्यांचाच अनुभव.

मी तिथे काही बोलले नाही. जे बोलायचं होतं ते दोन मिनिटांत मावणारं नव्हतं. मीटिंग संपल्यावर त्याला चहाला घेऊन गेले आणि दादाच्या स्टुडिओची गोष्ट सांगितली. तीच आज इथे लिहून टाकते. गोष्टीत चूक माझी आहे, हे आधीच सांगते.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. समजा तुमच्याकडे एक जाडजूड कादंबरी आहे आणि ती दोन घरांत ठेवायची आहे. पहिला मार्ग असा, की विषम पानं तुमच्या घरी आणि सम पानं मित्राच्या घरी. दोघं एकाच वेळी पानं काढायला बसलात तर काम निम्म्या वेळात होतं. हे झालं स्ट्रायपिंग, म्हणजे रेड ०. पण मित्राच्या घरातली पानं उंदरांनी खाल्ली तर तुमच्या घरातली विषम पानं रद्दीतच घालावी लागतील. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही घरी पूर्ण कादंबरी. जागा दुप्पट लागते, पण एक प्रत गेली तरी वाचन थांबत नाही. हे मिररिंग, रेड १.

रेड हे नाव १९८८ सालचं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ या तिघांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. मेनफ्रेमची एक मोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जुंपा. मात्र डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून सोबत जास्तीची माहिती ठेवा, म्हणजे एक गेली तरी गाडा चालू राहील. रेडमधला 'आय' म्हणजे तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह', स्वस्त. पुढे त्याचं 'इंडिपेन्डन्ट' झालं. आपल्या मालाला स्वस्त म्हणणं विकणाऱ्यांच्या जिवावर येत असावं! त्या निबंधात १ ते ५ असे प्रकार होते. नुसत्या स्ट्रायपिंगला ० हा आकडा नंतर चिकटला आणि तो अगदी चपखल आहे, कारण त्यात जास्तीची माहिती शून्य.

हिशोबच करून बघा. समजा एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के आहे. चार डिस्कचा स्ट्राइप केला तर चारही वर्षभर धड राहण्याची शक्यता साधारण ८८.५ टक्के. म्हणजे सगळंच्या सगळं जाण्याची शक्यता साडेअकरा टक्के. कागदावर वेग चौपट, धोकाही जवळजवळ चौपट.

तर, दादाचा स्टुडिओ.

माझा मामेभाऊ ठाण्यात लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढतो. २०१६ च्या दिवाळीत फराळाला गेले तेव्हा म्हणाला, "तू एवढी कॉम्प्युटरवाली, मला एक सर्व्हर बसवून दे ना. एडिटिंगची दोन्ही मुलं एकमेकांच्या डिस्कची वाट बघत बसतात." माझी कॉलर ताठ. पुढच्या शनिवारी ४ टीबीच्या पाच डिस्क घेऊन हजर झाले. चार वापरायला, एक जास्तीची.

चार डिस्क कशा लावायच्या यावर दादाशी रीतसर चर्चा झाली. नुसता स्ट्राइप केला तर १६ टीबी. पॅरिटीचं रेड ५ केलं तर १२ टीबी. आधी दोन-दोन डिस्कच्या आरसा-जोड्या करून मग त्या जोड्यांवर स्ट्राइप केला, म्हणजे रेड १०, तर फक्त ८ टीबी.

"सोळाचे पैसे देऊन आठच मिळणार? मग उरलेले आठ गेले कुठे?" दादा खरोखर भडकला होता.

मी त्याला समजावलं, आणि ते समजावणं मला आजही पटतं. रेड ५ मध्ये तीन डिस्कची माहिती आणि तिच्यावरून काढलेली एक बेरीज (खरं तर एक्स-ऑर, पण बेरीज समजा) अशी मांडणी असते. एक डिस्क गेली की उरलेल्या तिन्हींवरचं सगळं, म्हणजे १२ टीबी, वाचून काढून हरवलेली माहिती पुन्हा जुळवावी लागते. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना एखादं ठिकाण वाचता न येण्याची शक्यता धरा. ते बिट म्हणजे साधारण साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण लग्नाच्या व्हिडिओंवर मला ती परीक्षा घ्यायची नव्हती. रेड १० मध्ये फक्त जोडीदाराची कॉपी करायची, ४ टीबी, काम खतम.

क्रमही महत्त्वाचा. आधी आरसे, वर पट्टे. चार डिस्कमधली एक गेल्यावर दुसरी गेली तर ती नेमकी पहिलीचीच जोडीदार असण्याची शक्यता तीनात एक. उलटं केलं, म्हणजे दोन स्ट्राइप करून त्यांचा आरसा केला, तर एक डिस्क जाताच तिचा अख्खा स्ट्राइप निकामी होतो आणि दुसरीकडच्या दोनपैकी कुठलीही गेली की खेळ संपला. म्हणजे तीनात दोन. डिस्क तेवढ्याच, पैसे तेवढेच, फक्त क्रम चुकला तर धोका दुप्पट.

लिनक्सवर एमडीएडीएम वापरून अ‍ॅरे तयार केला. महागडं हार्डवेअर कार्ड मुद्दाम घेतलं नाही. कार्ड बिघडलं तर बहुतेक वेळा तशाच जातीचं दुसरं कार्ड शोधत फिरावं लागतं. लिनक्सने केलेला अ‍ॅरे कुठल्याही लिनक्स मशीनला जोडला की ओळखला जातो. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला प्रात्यक्षिक दाखवायचं होतं ना! दादा, वहिनी आणि दोन्ही मुलांना गोळा केलं. एका लग्नाचा व्हिडिओ सर्व्हरवरून चालू केला. आणि तो चालू असताना सर्व्हरच्या पुढच्या कप्प्यातून एक डिस्क सरळ ओढून बाहेर काढली. वहिनी "अगंबाई!" म्हणून ओरडलीच. व्हिडिओ मात्र एकदाही अडखळला नाही. मी स्क्रीनवर दाखवलं, आधी चार 'यू' होते, आता तीन 'यू' आणि एक खालची रेघ. मग पाचवी डिस्क लावली, रीबिल्ड सुरू केलं. सेकंदाला १५० एमबीच्या आसपास वेग, साधारण साडेसात तासांत पुन्हा चार 'यू'. जादूगार टोपीतून ससा काढतो तेव्हा त्याला कसं वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

मी म्हणाले, "आता एखादी डिस्क गेली तरी काळजी नाही." दादाने ऐकलं, "आता काळजी नाही."

आता वहिनीच्या कपाटाबद्दल सांगायला हवं. सर्व्हर येण्याआधी वहिनीचा एक नेम होता. दर रविवारी रात्री स्टुडिओ बंद करायच्या आधी ती आठवड्याचं सगळं काम दोन पोर्टेबल डिस्कवर उतरवायची. वर कागदाची चिठ्ठी चिकटवायची. आडनाव, तारीख, हॉल. एक डिस्क स्टुडिओतल्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या रिकाम्या खोक्यात. दुसरी ती पुढच्या खेपेला डोंबिवलीला माहेरी घेऊन जायची. का, तर "इथे चोरी झाली तर?" एवढंच. तिने यावर कुठलाही लेख वाचलेला नव्हता.

प्रात्यक्षिक झाल्यावर वहिनीने मला विचारलं, "म्हणजे आता रविवारची कॉपी करायला नको ना गं?"

आणि मी, इंजिनिअरिंगची डिग्री आणि तेव्हा आठ वर्षांचा अनुभव असलेली मी, म्हणाले, "नको गं वहिनी. आता सगळं आपोआप दोनदा लिहिलं जातं."

मे २०१७. लग्नसराई जोरात. ८ टीबी भरत आले होते. एका रविवारी मुलाला सांगितलं गेलं की एप्रिलचं अमुक लग्न गिऱ्हाइकाला देऊन झालंय, ते काढून टाक. त्या आडनावाची दोन लग्नं होती. त्याने दुसरं काढलं, जे अजून एडिट व्हायचं होतं. नेटवर्कवरून डिलीट केलेलं रीसायकल बिनमध्ये जात नाही. सांबामध्ये तशी सोय लावता येते, मी लावली नव्हती. कॅमेऱ्याची कार्डं तोवर पुढच्या तीन लग्नांत पुन्हा वापरून झाली होती. गुरुवारी लक्षात आलं. तोवर चार दिवस त्याच डिस्कवर नवीन व्हिडिओ उतरत होते.

दादाचा फोन आला तेव्हा तो घाबरलेला नव्हता. म्हणाला, "एका बाजूचं डिलीट झालंय. आरशाच्या दुसऱ्या बाजूला असेल ना, तिथून काढायचं कसं तेवढं सांग."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्याचं म्हणणं मूर्खपणाचं मुळीच नव्हतं. मी त्याला जे सांगितलं होतं, त्यावरून कुठलाही शहाणा माणूस हाच अर्थ काढेल.

सर्व्हर बंद करायला सांगितला, गाडी काढली, ठाण्याला गेले. रात्रभर रिकव्हरीची जेवढी साधनं माहीत होती तेवढी चालवली. काही फोटो निघाले, नावं नसलेले. व्हिडिओचे तुकडे निघाले, बहुतेक न चालणारे. हळदीच्या रात्रीचा व्हिडिओ अजिबात मिळाला नाही. त्या रात्री नवरीच्या आजोबांनी पेटी वाजवली होती. लग्नानंतर महिन्याभरात ते गेले, आणि घरच्यांनी आधीच दोनदा फोन करून विचारलं होतं, की बाकीचं सावकाश द्या, पण तेवढा भाग आधी मिळेल का.

दादाने पैसे परत केले. मला तो एका शब्दानेही बोलला नाही. वहिनीने पुढच्या रविवारी दुकानातून दोन नवीन पोर्टेबल डिस्क आणल्या आणि मला न विचारता कॉपी सुरू केली.

यातून मला जे कळलं ते असं. डिलीट करणं हेसुद्धा डिस्कवर लिहिणंच असतं. आरसा ते इमानदारीने, त्याच क्षणी, दोन्हीकडे लिहितो. तोंडाला काजळी लागली तर आरसा तीही दाखवणार. आरशातली प्रत कायम ताजी असते, आणि बॅकअप मात्र शिळा असावा लागतो. कालचा, गेल्या रविवारचा, गेल्या महिन्याचा. आज केलेली चूक त्याच्यापर्यंत पोचलेली नसते, हाच त्याचा गुण. रॅन्समवेअर आलं तर आरशाच्या दोन्ही बाजू एकदमच कुलूपबंद होतात. प्रोग्रॅममधल्या बगने चुकीचे आकडे लिहिले तर दोन्हीकडे तेच चुकीचे आकडे. आणि दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच वीजपुरवठ्यावर, एकाच खोलीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईच्या तळमजल्यांवर जे कॉम्प्युटर पाण्यात गेले, त्यांत कुणी आरसे लावले असतील तर तेही जोडीनेच बुडाले असणार.

गंमत (ही गंमत नाहीच खरं तर) पुढे आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. त्याला दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत पुसायची होती. ३०० जीबीच्या आसपास माहितीतले साडेचार जीबी उरले. रोजचा बॅकअप प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे बंद पडलेला होता आणि तो बंद पडल्याची ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. कंपनीने सगळं मोकळेपणाने जाहीर केलं. आम्ही ऑफिसात डबा खाताना त्यावर चवीचवीने बोललो होतो. "बॅकअप तपासत नाहीत म्हणजे काय!" असं मीच म्हणाले होते. तेव्हा ठाण्यातल्या कपाटातली शेवटची चिठ्ठी तीन महिने जुनी झालेली होती, आणि ती मीच थांबवली होती.

मग रेड करूच नये का? तसं मुळीच म्हणणं नाही. २००७ साली गूगलच्या लोकांनी लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे डिस्क सांगून जात नाही. दादाच्या सर्व्हरमधली एक डिस्कही अशीच डिसेंबर २०१९ मध्ये ऐन मुहूर्ताच्या शनिवारी गेली. मला ईमेल आली. स्टुडिओत कुणाच्या लक्षातही आलं नाही. सोमवारी नवीन डिस्क लावली, रात्रीत रीबिल्ड झालं. त्या दिवशी आरशाने त्याचं काम चोख केलं. 'डिस्क मेली तरी काम थांबणार नाही' एवढंच त्याचं वचन आहे आणि ते तो पाळतो. त्याने न दिलेलं वचन त्याच्या नावावर आपण खपवतो.

म्हणून माझं मत, आणि यावर माझे काही मित्र भांडतात. दोनच डिस्कचे पैसे असतील तर मिरर करू नका. एक सर्व्हरमध्ये लावा, दुसरी कपाटात ठेवा आणि दर आठवड्याला तिच्यावर कॉपी करा. डिस्क गेली तर दुकान एक दिवस बंद राहील, चालेल. ज्यांना एक दिवसही चालणार नाही, त्यांनी आरसा जरूर लावावा, पण तिसऱ्या डिस्कचे पैसे बाजूला काढूनच. वेग हवा म्हणून नुसता स्ट्राइप फक्त अशाच फायलींसाठी, ज्या उद्या सकाळी पुन्हा तयार करता येतील.

आता कुणाकडे अ‍ॅरे लावून द्यायची वेळ आली तर मी एवढं करते:

१. बॅकअप त्याच दिवशी सुरू करते. "पुढच्या आठवड्यात बघू" नाही.

२. डिस्क बिघडल्याची ईमेल खरोखर येते का, हे एक डिस्क मुद्दाम काढून बघते. आता प्रात्यक्षिक यासाठी. आरसा फुटलाय हे कुणाला कळलंच नाही तर तो आरसा नसल्यासारखाच.

३. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासायचं काम लावते. डेबियनवर हे आपोआप लागतं. मात्र दोन बाजूंत फरक निघाला तर खरी कुठली, हे साध्या आरशाला ठरवता येत नाही. झेडएफएससारखी फाइल सिस्टिम चेकसम ठेवते, तिला ते कळतं.

४. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधून एक फोल्डर परत काढून उघडून बघायला लावते. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला नियम आहे, तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. सर्व्हरची भर पडल्यावर वहिनीचं खोकं आणि डोंबिवली धरून हेच गणित जमलं असतं.

५. आणि सगळ्यांना समोर बसवून सांगते, हा सर्व्हर काय करणार नाही. जादू दाखवायच्या आधी.

असो. चहा संपेपर्यंत त्या मुलाने हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, पण आपल्या सध्याच्या सर्व्हरचा बॅकअप शेवटचा कधी उघडून बघितला होता?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. जागेवर जाऊन बघितलं तर मागच्या वर्षीची नोंद होती.

बॅकअपची ओळ शीटमध्ये राहिली. आणि आज शनिवार असूनही आम्ही दोघं ऑफिसात बसून एक फोल्डर परत काढतोय. ६४ टक्के झालंय. बाकी सगळं उघडलं की कळेल.